ओहोटीची येळवस

कळंबच्या बाजारात चाकवताच्या जुड्या आणि वालाच्या शेंगांचे ढीग दिसायला लागले, की आमच्या घरात माझ्या साडूंचं नाव निघतं. भाजीचा आणि त्यांचा तसा काही संबंध नाही. भाजी मातीतून वर येते. आमचे वसंतराव खुर्चीतून खाली उतरल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पण मार्गशीर्ष उतरणीला लागतो, ज्वारी पोटऱ्यात येते, हरभऱ्याच्या पानांवरची आंब पायांना चुरचुरायला लागते, ढोकीच्या साखर कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉल्या रस्त्यावर उसाच्या शेंड्यांची वाढी सांडत जातात आणि एका सकाळी फोन वाजतो.

"काय पाव्हणं, यंदा येळवस कधी?"

अमावास्या कधी आहे ते कॅलेंडरात छापलेलं असतं. त्यांना तारीख नको असते, आमंत्रण हवं असतं.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या धाराशिव-लातूरकडं दिवाळीला एखादा घरी आला नाही तर चालतं. येळवसला रानात आला नाही तर त्याच्या तब्येतीची चौकशी होते. त्या दिवशी गावात कुत्री तेवढी उरतात. रानात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी राहते, खोपीत चुन्यानं पांढरे केलेले पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. पुढं आंबिलीचं मडकं, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे पुण्याकडचे लोक पावसात कागदावर घेऊन खातात ती नव्हे. तूर, वाल, वाटाणा, हरभरा, असतील नसतील तेवढे ओले दाणे आणि पाला, त्यावर ताकात कालवलेलं बेसन आणि हात आखडता न घेता लसूण. ती खाल्ल्यावर माणूस उठत नाही, तिथंच कलंडतो. वसंतराव तर कलंडायला म्हणूनच येतात. दरवर्षी आंबिलीचा तांब्या रिकामा करून ते मिशा पुसतात आणि जमलेल्या पाहुण्यांना म्हणतात, "आमी समुद्रावर येळवस खाल्लेली माणसं हाव."

ते वाक्य ऐकलं, की माझ्या तोंडातली आंबील आंबट लागते. आंबील मुळात आंबटच असते, तरीही.

माझं कळंबला पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी रिवाइंड करायच्या, पाइपांना सांधे लावायचे, गळती थांबवायची. उभा जन्म पाण्याच्या धंद्यात गेला आणि मला पोहता येत नाही. तशी वेळही कधी आली नाही. आमच्याकडं पाण्याबद्दल दोनच प्रश्न असतात: लागलं का, आणि उन्हाळ्यापर्यंत पुरंल का. भरलेलं तळं चांगलं, उतरलेलं वाईट. याच्यापलीकडं पाण्याला काही तब्येत असते, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते आलं आमच्या मुक्ताच्या. ही माझी थोरली लेक. शिकता शिकता ती कुठल्या वाटेनं समुद्रापर्यंत पोचली ते मला नीटसं कळलं नाही. फी भरत होतो, एवढंच माझं योगदान. एका हिवाळ्यात तिला कोकणातल्या एका संरक्षित किनाऱ्यावर काम मिळालं. तिथल्या खडकांवर, डबक्यांत काय जगतंय, काय मरतंय, हे हंगामभर बघत राहायचं. थोडक्यात, किनाऱ्याची तब्येत तपासायची.

"समुद्राला काय झालंय?" आमच्या सुमननं काळजीनं विचारलं. बायकोला कुणाच्याही तब्येतीची काळजी वाटते.

वसंतराव मात्र हसून लाल झाले. "समुद्र तपासायला पगार? उद्या वारा मोजायला माणसं नेमतील." वारा मोजायला माणसं नेमलेलीच असतात, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मीही हसलो होतो. साडू मोठे सरकारी साहेब, त्यांच्या विनोदाला हसायची घरात रीत आहे.

"पोरगी एकटी कशी राहील? तुम्ही जावा संगं," सुमन म्हणाली. दुकान भावाकडं सोपवून मी निघालो. राखणीला म्हणून. पोहता न येणारा माणूस समुद्रावर लेकीची राखण करायला निघाला, याचं घरात कुणाला काही वाटलं नाही.

तो हिवाळा अजून अंगाला चिकटून आहे. वाळत घातलेली मासळी, ओले दोर, खारट उशी. कळंबची थंडी कोरडी, ओठ फोडणारी. तिथली थंडी दमट, कपड्यांतून हिंडणारी. अमावास्या-पुनवेकडं पहाटे उठून मी दारात आलो, की समुद्र गेलेला असायचा. पहिल्या दिवशी तर मी चप्पल न घालताच पुढं धावलो. रात्री दारापाशी गाजत होतं ते सगळं पाणी कुणी उपसून नेल्यासारखं लांब, आणि पुढं नुसते काळे ओले खडक. तळं आटलं की आमच्या छातीत जे होतं तेच झालं.

"गेलं की गं सगळं," मी म्हणालो.

"गेलं म्हणूनच दिसतंय, बाबा," मुक्ता म्हणाली आणि गमबूट घालून त्या खडकांवर चालायला लागली.

तिला मोजणीसाठी एक चौकट लागायची. पाइपचा चौकोन, आत दोऱ्यांनी पाडलेली घरं. ती खडकावर ठरलेल्या जागी ठेवायची आणि आत काय काय आहे ते घर बघून लिहायचं, फोटो काढायचा. पंधरवड्यानं पुन्हा तिथंच. तिची चौकट मोडली होती. पाइप म्हटल्यावर माझ्या अंगात वीज आली. बाजारातून अर्धा इंची पाइप आणला, चार कोपऱ्यांना एल्बो लावले, सांध्यांना असं सोल्युशन भरलं की केस आत जायचा नाही. तीस वर्षांची कारागिरी. "माझ्या हातचं थेंबभर गळणार न्हाय," मी लेकीला सांगितलं.

गळलं नाही. पोकळ, हवाबंद चौकट डबक्यात ठेवल्याबरोबर वर आली आणि ऐटीत तरंगायला लागली. मी दाबून धरली, सोडली, पुन्हा वर. तेवढ्यात एक लाट आली आणि माझी कारागिरी घेऊन निघाली. मुक्ता कमरेएवढ्या पाण्यात तिच्यामागं धावतेय आणि राखणीला आलेला बाप काठावर उभा राहून ओरडतोय, "सावकाश, सावकाश." चौकट हाती आल्यावर ती म्हणाली, "बाबा, भोकं पाडा हिला. पाणी आत गेलं तरच ती तळाशी बसंल." जन्मभर गळती थांबवली, आणि म्हातारपणाच्या उंबऱ्यावर चांगल्या पाइपला जागोजाग भोकं पाडत बसलो. ड्रिल फिरवताना धंद्याशी बेइमानी केल्यासारखं वाटत होतं.

त्या चौकटीत मी पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिलं. तोवर पोवळं म्हणजे वसंतरावांच्या अंगठीतला लाल खडा, एवढंच मला ठाऊक. मंगळ शांत राहावा म्हणून ते तो घालतात. मंगळाचं माहीत नाही, साडू शांत राहिलेले नाहीत. खरं प्रवाळ लाल नव्हतंच. ताज्या गुळाच्या ढेपेसारखं तपकिरी, डबक्याच्या बुडाशी गोल गोल बसलेलं, आणि नीट बघितलं की अंगावर बारीक फुलं उघडमीट करणारी. मी गुडघ्यांवर बसून बघत राहिलो. पाठीमागनं कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, माणसाची अंगठी पडलीय.

आणि पंधरवड्या-पंधरवड्यानं ते पांढरं व्हायला लागलं.

किनाऱ्याला लागून रस्त्यासाठी भराव टाकणं चाललं होतं. मोठ्या भरतीला पाणी भरावाच्या पायथ्याला चाटायचं, तांबडी माती घेऊन परतायचं आणि ती माती डबक्यांतून प्रवाळावर बसायची. दहीभातावर तिखट पडावं तशी, पातळ. फुलं मिटायची ती उघडायची नाहीत. मग आतलं तपकिरी जायचं आणि नुसतं पांढरं उरायचं. मुक्ताचं काम तेच. चौकटीतलं एकेक घर पांढरं पडताना बघायचं, लिहायचं, आणि खोलीवर येऊन वरणभात लावायचा.

याच सुमाराला कळलं, की किनाऱ्याची पाहणी करायला समिती येणार. समितीनं तब्येत बिघडतेय असं लिहिलं तर मातीचा बंदोबस्त होईपर्यंत भराव थांबणार होता. समाधानकारक लिहिलं तर चालू राहणार होता, आणि मग पुढच्या हिवाळ्यात चौकटीत बघायला काही उरणार नव्हतं. एवढी सरळ गोष्ट. समितीचे प्रमुख कोण, तर आमचे वसंतराव. त्यांचा समुद्राशी आजवरचा संबंध पापलेटपुरता. पण साहेबाला विषय लागत नाही, गाडी लागते.

पहिली पाहणी मी डोळ्यांनी पाहिली. समिती भर दुपारी, भरतीला आली. पांढरे बूट, काळे चष्मे, वाळूत रुतू नये म्हणून अंथरलेली सतरंजी. शाल झाली, श्रीफळ झालं. पाणी काठोकाठ. खडक, डबकी, मुक्ताचा सगळा हंगाम त्या पाण्याखाली. रुग्णाला पांघरुणात गुंडाळून ठेवावं आणि वैद्यानं पांघरूण बघून नाडी चांगली चाललीय म्हणावं, तशी ती पाहणी. पाण्याकडं बघून साहेब प्रसन्न झाले.

"काका, ओहोटीला या ना एकदा. पहाटे. सगळं दिसतं तेव्हा," मुक्ता म्हणाली.

"ओहोटीला काय बघायचं, बाळा? पाणीच नसतंय."

मी त्यांचा राग करावा तर अडचण ही, की मीही पहिल्या पहाटे हेच म्हणालो होतो. फरक इतकाच की माझ्या म्हणण्यानं कुणाचा श्वास कोंडत नव्हता.

मग तिनं त्यांना फोटो दाखवले. पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाचे. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वा. काय पांढरं शुभ्र ठेवलंय. आपल्या येळवसच्या पांडवांवाणी." बाकीच्या सदस्यांनी माना डोलावल्या. ते कुठल्या पांडवांबद्दल बोलतायत हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसावं. मान डोलवायला ते लागत नाही. मुक्ता मान खाली घालून फोटो गोळा करत राहिली.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, शेरा अमावास्येच्या सुमाराला लिहिणार आहेत. तुमचे साडू आहेत. एकदा, फक्त एकदा त्यांना पहाटे खडकावर आणा. जवळून बघितलं तर माणूस खोटं कसं लिहील?" तिला माणसांचा अभ्यास नव्हता, समुद्राचा होता.

आणि मला माझ्या आयुष्यातली एकमेव योजना सुचली. येणारी अमावास्या येळवसची होती. अमावास्येला ओहोटी मोठी, पाणी सगळ्यात लांब जाणार. पाहणीला हा माणूस पहाटे उठणार नाही, पण भज्जीला? मी फोन केला. "वसंतराव, यंदा येळवस समुद्रावर. खडकावर खोप घालतो. पहाटे उजाडायला या."

"भज्जी हाय का?"

"सुमन घेऊन येतीय कळंबहून."

"मग येतो की. येणारच."

सुमन आली. एस.टी. बदलत बदलत, मांडीवर भाजीचं बोचकं आणि आंबिलीची बरणी, ती घाटात फसफसून झाकणातून वर येत होती. कडबा तिथं मिळाला नाही, म्हणून नारळाच्या झावळ्यांची खोप. पाच दगडांना चुना लावताना तिचा हात थांबला. "एवढे पांढरे दगड तिथं आयतेच पडलेत की," ती म्हणाली, आणि मुक्ताचं तोंड बघून पुन्हा चुना लावायला लागली.

येळवसच्या पहाटे आम्ही तिघं खडकांवर होतो. चुलीचा धूर समुद्राकडं जात होता. पाणी इतकं लांब गेलेलं, की त्याचा आवाजही शेजारच्या गावातून आल्यासारखा. पायाखाली शंख कुरकुरत होते. डबक्यांत पांढरे गोळे, त्यांच्यावर तांबड्या मातीची साय. आणि त्यांच्यामध्ये, चौकटीच्या एका कोपऱ्यात, तपकिरी, जिवंत, मुठीएवढा एक. आमच्या पणजोबांनी हेच केलं असेल, असं उगाच मनात आलं. पीक उभं असतानाच रानात जायचं, काय जगलंय ते फिरून बघायचं, त्याच्यावर आंबील शिंपडायची. मी तांब्या घेऊन त्या डबक्यांभोवती फिरलो आणि येळवसला पिकाभोवती फिरताना देतात ती आमची कानडी वळणाची आरोळी हळूच दिली. आंबील मात्र शिंपडली नाही. मुक्तानं डोळ्यांनीच दटावलं होतं.

उजाडलं. साडू नव्हते. ऊन वर आलं. साडू नव्हते. फोन केला तर वाजत राहिला. पाणी परतायला लागलं. आधी खडकांच्या भेगांतून, मग डबक्यांतून, मग खोपीच्या पायापाशी. सुमन भज्जीचं पातेलं उचलून काठाकडं चालायला लागली, मी मडकं घेतलं, मुक्ता पांडव उचलायला गेली आणि दोनच हाती लागले. खोप उभीच्या उभी तरंगत निघाली. मुठीएवढं ते तपकिरी गढूळ पाण्याखाली गेलं.

पाणी काठोकाठ भरलं आणि गाडी आली.

"दाजी, पहाटे यायचं ठरलं होतं ना?" सुमननं पातेलं खाली न ठेवताच विचारलं. त्यांच्याशी ती अशी कधी बोलली नव्हती.

वसंतरावांना मनापासून नवल वाटलं. "पहाटे? अगं सुमे, येळवसचं जेवण दुपारी असतंय. पहाटे कुणी भज्जी खातं व्हय? मला वाटलं पाव्हणं गंमत करायलेत."

इथं माझी योजना संपली. मी गळाला असं आमिष लावलं होतं, की ते दुपारीच खाण्यासारखं होतं. आमच्या मुलखातला कुठलाही माणूस दुपारीच आला असता. मीसुद्धा.

ते भरावावर सतरंजी टाकून बसले. भज्जी पुन्हा पुन्हा घेतली. समोर तांबूस पाणी हिंदकळत होतं. आंबिलीचा तांब्या खाली ठेवून त्यांनी समुद्रावर नजर फिरवली, खरंच भरल्या मनानं. "भरलंय की काठोकाठ. आपल्याकडं ह्याच्या निम्मं असतं तर." आणि शेरा लिहिला: समाधानकारक. मुक्ताची त्याखाली सही हवी होती. "हे मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली आणि पेन परत दिलं. सुमननं उरलेली भज्जी झाकली. वसंतरावांनी "डबा दे जरा बांधून" म्हटलं, आणि तिनं ऐकू आलं नसल्यासारखं केलं. आमच्या घराण्यात बंड म्हणतात ते एवढंच.

पुढच्या हंगामासाठी मुक्ताला कुणी बोलावलं नाही. ती आता पुण्यात शिकवते. भरावाचा रस्ता झाला, गुळगुळीत आहे म्हणतात. तिथून सूर्यास्त छान दिसतो. गाड्या थांबतात, लोक पाण्याकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. समाधानकारक.

पण दर येळवसला पहाटे मुक्ता त्या खडकांवर असते. स्वतःच्या रजेनं, स्वतःच्या तिकिटानं. भोकं पाडलेली माझी चौकट घेऊन जाते, त्याच जागी ठेवते, फोटो काढते. ते मुठीएवढं तपकिरी गेल्या वर्षीपर्यंत होतं, निम्मं उरलेलं. मी एकदा विचारलं, "आता काय मोजतीस गं तिथं?"

"जे गेलं ते, बाबा. न्हायतर कधीकाळी होतं, हेच कुणाला खरं वाटणार न्हाय."

आणि त्याच दुपारी इकडं रानात वसंतराव कडब्याला टेकून पाहुण्यांना समुद्रावरची येळवस सांगत असतात. किती पाणी होतं, किती पांढरं होतं. निवृत्त झाल्यापासून पाणी दरवर्षी थोडं वाढतं. मी वाढतो, ते खातात. इतकी वर्षं मी त्यांचा तिरस्कार करत करत त्यांच्या पानात भज्जी वाढत आलो. तिरस्काराला सोबत पळी लागते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

यंदा बाजारातून चाकवत आणला तेव्हा सुमननं दोन पिशव्या भरल्या. एक जावेकडं दिली, रानातल्या पांडवांसाठी. दुसरी प्रवासाच्या बोचक्याशेजारी ठेवली. मी दुकानातून नव्या पाइपचा एक तुकडा आणि ड्रिल आणून त्या पिशवीजवळ ठेवलं. जुन्या चौकटीचा एक सांधा ढिला झालाय, असं मुक्ता म्हणत होती.

काल फोन वाजला.

"काय पाव्हणं, यंदा येळवस कधी?"

"पहाटे," मी म्हणालो.

ते मोकळेपणानं हसले. "पुन्हा गंमत? अहो, पहाटे कुणाची येळवस असती?"

"आमची."